टॅक्सीची पावती

दौऱ्यावर निघालेल्या सरकारी माणसाजवळ कागदांचा तोटा नसतो. दौऱ्याच्या मंजुरीचा आदेश असतो, विमानाचे तिकीट असते, विमानात चढताना दाखवलेल्या पासाचा तुकडाही त्याने पाकिटात जपून ठेवलेला असतो. हजार-बाराशे किलोमीटरांचा हा प्रवास कागदोपत्री इतका चोख बांधलेला असतो की लेखाशाखेतील अतिशय संशयी गृहस्थालाही त्यात बोट शिरकवायला फट सापडू नये. मग विमान उतरते, आणि विमानतळाच्या दारापासून विश्रामगृहाच्या दारापर्यंतचे पंधरा-वीस किलोमीटर तेवढे उरतात. प्रवासभत्त्याच्या बिलावर जे आक्षेप निघतात, त्यांतले पुष्कळसे या पंधरा-वीस किलोमीटरांत जन्मलेले असतात.

रक्कम तशी मोठी नसते. चारशे, पाचशे, फार तर आठशे रुपये. परंतु ज्याला महिन्यातून दोन-तीनदा बाहेरगावी जावे लागते आणि ज्याच्या पगाराचा प्रत्येक रुपया आधीच कुठे ना कुठे बांधलेला असतो, त्याला ती लहान वाटत नाही. शिवाय प्रश्न केवळ पैशांचा नसतो. ‘पावती जोडलेली नाही, सबब रक्कम अमान्य’ असा शेरा लाल शाईने समासात उमटतो, तेव्हा त्या माणसाच्या शब्दालाही काट मारल्यासारखी होते. वास्तविक तो विमानतळावरून शहरात आला, याविषयी कोणालाच शंका नसते. बैठकीच्या इतिवृत्तात त्याचे नाव असते. तो चालत आला नसणार, हेही सर्वांना मान्य असते. तरीही कागद हवा!

आता हा कागद सहजासहजी का मिळत नाही, हे पाहिले पाहिजे. टॅक्सीचा धंदा पहिल्यापासून रोखीचा आणि तोंडी. मुंबईची जुनी काळीपिवळी ज्यांनी पाहिली आहे त्यांना आठवेल की, तिचा यांत्रिक मीटर मोटारीच्या बाहेर, डाव्या अंगाला बसवलेला असे. त्यावर दिसणारा आकडा हे भाडे नव्हेच. तो आकडा चालकाजवळच्या दरपत्रकाशी ताडून पाहावयाचा आणि त्यावरून भाडे काढावयाचे. पुढे इलेक्ट्रॉनिक मीटर आले आणि हे गणित सुटले, तरी ते पुरतेपणी संपले असे नाही. १ फेब्रुवारी २०२५ पासून मुंबईत टॅक्सीचे किमान भाडे २८ रुपयांवरून ३१ रुपये झाले, तेव्हा मीटरमध्ये नवे दर भरून होईपर्यंत पुन्हा दरपत्रकाचाच आधार घ्यावा लागला. मीटर एक सांगतो, भाडे दुसरेच पडते आणि पावती तर कोणीच देत नाही. अशा व्यवहारातून उठून आलेल्या माणसाने लेखाशाखेपुढे काय ठेवावे?

चालकाला दोष देण्यातही अर्थ नाही. त्याच्या दिवसभराच्या व्यवहारात पावतीला स्थानच नसते. शंभरातले नव्वद प्रवासी ती मागत नाहीत. जो मागतो तो दौऱ्यावरचा माणूस असतो आणि तोही नेमका उतरताना मागतो. मागून दुसरी गाडी भोंगा वाजवत असते, सामान फुटपाथवर उतरलेले असते. त्यातून भाषेचीही अडचण. महाराष्ट्राबाहेर ‘पावती’ या शब्दाने भागत नाही. दिल्लीत ‘पर्ची’ म्हणावे लागते किंवा ‘रसीद’ म्हणावे लागते. आणि पर्ची म्हणजे नुसती चिठ्ठी, तर रसीद म्हणजे पैसे पोचल्याची कबुली, हा भेद त्या घाईत कोण सांभाळणार!

हा पेच पुष्कळ अंशी सोडवला तो आगाऊ भाडे घेणाऱ्या खिडकीने. दिल्लीच्या विमानतळावर वाहतूक पोलिसांच्या देखरेखीखाली अशी खिडकी चालत आली आहे. कोलकात्यातही पोलिसांच्या खिडकीची पद्धत परिचयाची आहे. जावयाचे ठिकाण सांगावे, ठरलेले भाडे भरावे आणि चिठ्ठी घ्यावी. या चिठ्ठीची रचना मोठी विचारपूर्वक केलेली आहे. एक भाग प्रवाशाचा, एक चालकाचा. चालकाचा भाग प्रवाशाने मुक्कामाला पोचल्यावर द्यावयाचा असतो, कारण तो दाखवल्यावरच चालकाला त्याचे पैसे मिळतात. म्हणजे प्रवासी घरी पोचल्यावाचून चालकाला मोबदला नाही, आणि चिठ्ठी दिल्यावाचून प्रवाशाची सुटका नाही. एकाच कपट्यात प्रवाशाची सुरक्षितता, चालकाची मजुरी आणि कचेरीचा पुरावा अशी तीन कामे साधलेली आहेत. सरकारी कागदाविषयी कितीही वाईट बोलले जात असले, तरी या कागदाची तारीफच केली पाहिजे.

नवखा माणूस येथेही फसतो, ही गोष्ट वेगळी. गाडीत बसताच चालक चिठ्ठी मागतो आणि हा भाबडेपणाने ती देऊन टाकतो. मग वाटेत चालकाने ‘येथेच उतरा, पुढे रस्ता बंद आहे’ असे म्हटले तर याच्या हाती काहीच उरत नाही. दुसरा प्रकार त्याहून नेहमीचा. मुक्कामी पोचल्याच्या आनंदात दोन्ही भाग चालकाच्या हाती जातात, गाडी वळणावरून दिसेनाशी होते आणि मग आपली प्रत आठवते. पैसे भरले, प्रवास झाला, सर्व काही नियमाप्रमाणे घडले. फक्त पुरावा गाडीबरोबर निघून गेला.

मोबाइलवरून बोलावण्याच्या टॅक्सीने दुसरी वाट काढली. ‘ओला’ ही कंपनी २०१० साली निघाली, ‘उबर’ २०१३ साली बंगळुरात आली, आणि पावती मागण्याचे काम पुष्कळ लोकांच्या बाबतीत संपले. प्रवास संपताच ती आपोआप टपालपेटीत येऊन पडते. निघण्याची वेळ, पोचण्याची वेळ, अंतर, मार्ग, चालकाचे नाव, सारे तीत असते. लेखाधिकाऱ्याला यापेक्षा अधिक काय हवे? परंतु येथेही बारकावे आहेत. गाडी सहकाऱ्याने मागवली असेल तर पावतीवर त्याचे नाव येते आणि बिल मात्र दुसऱ्याचे असते. वाटेतला टोल गाडीच्या काचेवरच्या फास्टॅगमधून कापला जातो. त्याची सूचना गाडीच्या मालकाच्या फोनवर जाते, प्रवाशाच्या नव्हे. तेव्हा टोलची रक्कम पावतीत वेगळी दाखवलेली आहे की नाही, हे तेथल्या तेथे पाहून घ्यावे. विमानतळाबाहेरच्या साध्या टॅक्सीला हल्ली यूपीआयने पैसे देता येतात, त्याने तर एक नवाच भ्रम उत्पन्न केला आहे. पैसे गेल्याची नोंद फोनवर दिसते, म्हणून पावतीची गरज उरली नाही असे वाटते. पण ती नोंद एवढेच सांगते की अमुक नावाच्या माणसाला अमुक रुपये दिले. तो माणूस टॅक्सीवाला होता की भाजीवाला, हे तिला ठाऊक नसते. कित्येकदा खाते चालकाच्या भावाच्या किंवा बायकोच्या नावाचे असते, आणि मग ती नोंद पुरावा होण्याऐवजी नवा प्रश्न होऊन बसते.

आता एका नाजूक गोष्टीकडे वळावे लागते. कागद मिळत नाही पण कागद हवाच, अशी कोंडी झाली की कोऱ्या पावतीचा जन्म होतो. पावत्यांची छापील पुस्तके बाजारात मिळतात. चालक त्यांतले एक पान फाडून हसत हसत पुढे करतो, ‘आकडा तुम्हीच घाला’ म्हणतो. त्याला वाटते, आपण उपकार केला. येथे प्रामाणिक माणसापुढे दोनच वाटा राहतात. खरा आकडा त्या पानावर स्वतःच्या हाताने लिहावा, म्हणजे खर्च खरा आणि कागद खोटा. किंवा पान परत करावे आणि पदरचे पैसे सोसावे. अप्रामाणिकाला मात्र कसलीच अडचण नाही. त्याचा कागद नेहमीच पूर्ण असतो. केवळ कागद पाहून पैसे देणारी पद्धत ज्याला पकडू पाहते तो सुटतो आणि ज्याच्यावर तिचा रोख नव्हता तो भरडला जातो, हे लेखाशाखेतल्या जुन्या माणसांना चांगले ठाऊक असते.

नियम करणाऱ्यांना हे कळलेच नव्हते असेही नाही. १९२२ च्या जानेवारीपासून अमलात आलेल्या मूलभूत नियमांतील ४४ वा नियम असे तत्त्व घालून देतो की, भत्ता हा घेणाऱ्याला एकंदरीत नफ्याचे साधन होता कामा नये. ‘एकंदरीत’ हा शब्द फार मोलाचा आहे. एका फेरीत चार रुपये वाचले, दुसऱ्या फेरीत सहा पदरचे गेले, तरी गोळाबेरीज नफ्याची नसली म्हणजे झाले, असा समंजस विचार त्यात आहे. ठरावीक दराने मैलांचा हिशेब करून भत्ता देण्याच्या जुन्या पद्धतीत पावतीचे एवढे प्रस्थ नव्हते. सहाव्या वेतन आयोगानंतर, २००८ साली, शहरातील टॅक्सीचा आणि हॉटेलचा प्रत्यक्ष खर्च भरून देण्याची तजवीज केंद्र सरकारने केली. हेतू चांगला होता. खरा खर्च खऱ्या माणसाला मिळावा. पण प्रत्यक्ष खर्च म्हटला की प्रत्यक्ष पुरावा आला आणि ‘एकंदरीत’ मागे पडले.

२०१७ च्या जुलैमधील आदेशाने त्यातून थोडी वाट काढली. शहरातल्या फिरण्यासाठी सहाव्या ते आठव्या स्तरांतील कर्मचाऱ्याला दिवसाला २२५ रुपयांची मर्यादा ठरली, आणि आठव्या स्तरापर्यंतच्या कर्मचाऱ्यांना त्या मर्यादेत पावतीशिवाय, स्वतःच्या प्रमाणपत्रावर रक्कम देण्याची मुभा मिळाली. प्रमाणपत्रात प्रवासाचा काळ आणि गाडीचा क्रमांक मात्र स्पष्ट हवा. रक्कम तुटपुंजी आहे, पण तत्त्व मोठे आहे. सर्वांत खालच्या माणसाचा शब्द प्रमाण धरण्यास सरकार तयार झाले. विमानतळावर ये-जा करण्याचा खर्च रस्त्याच्या मैलभत्त्याच्या नियमाखाली येतो, आणि तेथे त्याच आदेशाने सहाव्या ते तेराव्या स्तरांतील कर्मचाऱ्यांना वातानुकूलित टॅक्सी अनुज्ञेय ठेवलेली नाही. आज मोठ्या विमानतळाबाहेर वातानुकूलन नसलेली टॅक्सी शोधण्यात जो वेळ जाईल, तेवढ्यात बैठक आटोपेल! पावती स्वच्छ, छापील आणि खरी असूनही तीवर ‘वातानुकूलित’ हा एक शब्द असला की रक्कम साध्या टॅक्सीच्या दरापुरती छाटली जाते. त्या कर्मचाऱ्याने साध्या टॅक्सीचा दर आधीच मांडून तेवढीच मागणी केली, तर निदान आक्षेपाचा फेरा वाचतो.

खाजगी कंपन्यांत ही कडकी थोडी सैल असते, थोडी निराळी असते. तेथे मर्यादेखालच्या रकमेला पावती न मागण्याची रीत काही ठिकाणी आहे. सरकारी माणसाला तो मोकळेपणा नाही, पण काही साध्या सवयी त्याच्या हातच्या आहेत. गाडीत बसण्यापूर्वी तिचा क्रमांक टिपून ठेवावा. खिडकीवरची चिठ्ठी घेतली तर आपली प्रत लगेच वेगळ्या खिशात जावी. साध्या टॅक्सीत पावती हवी असेल तर ती निघताना मागावी, उतरताना नव्हे, म्हणजे वाटेत सिग्नलला गाडी उभी राहील तेव्हा चालक ती निवांत लिहून देतो. ती लिहिताना तारीख, कोठून कोठे, गाडीचा क्रमांक आणि रक्कम त्याच्याच हाताने पडावी. आणि हे सारे कागद पाकिटात पडून राहू नयेत. प्रवासभत्त्याचे बिल सादर करण्याची मुदत पूर्वी एक वर्षाची होती; २०१८ च्या मार्चपासून ती दौरा संपल्यापासून ६० दिवसांवर आली आहे, आणि पावसाळ्यातल्या दौऱ्याची फिकट शाईची चिठ्ठी तेवढे दिवस वाचता येईल, याचीही खात्री नसते.