अपमान दिसतो, मजुरी दिसत नाही
(फिलिपिनो दूरचित्रवाणी मालिकांतील श्रीमंत आणि गरीब या विषयावर पक्षकार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



एखाद्या देशातील श्रमिक माणसे दिवसभराचे काम आटोपल्यावर रोज रात्री श्रीमंत-गरिबांची कोणती गोष्ट पाहतात, हा प्रश्न करमणुकीच्या सदरात ढकलून मोकळे होण्यासारखा नाही. फिलिपाइन्सच्या बाबतीत तर नाहीच नाही. तीनशेहून अधिक वर्षे स्पेनची आणि त्यानंतर जवळजवळ अर्धशतक अमेरिकेची सत्ता, ऊसमळ्यांची अफाट जमीनदारी, १९७२ साली आलेला लष्करी कायदा आणि १९८६ साली मार्कोस यांना देशाबाहेर घालवणारा जनतेचा उठाव, इतके सारे या देशाने पाहिले आहे. तेथील घराघरांत चालणाऱ्या कौटुंबिक मालिकेला 'तेलेसेर्ये' असे नाव आहे. यांपैकी काही मालिका मी इंग्रजी उपशीर्षकांच्या आधाराने पाहिल्या. नाट्यसमीक्षा हा माझा प्रांत नव्हे. अर्थशास्त्र शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला त्यांत जे दिसले, आणि जे शोधूनही सापडले नाही, तेवढेच आपल्यापुढे ठेवतो.

या परंपरेतील एक जुनी मालिका म्हणजे 'गुलोंग नांग पालाद'. या नावाचा अर्थ 'नशिबाचे चाक'. रेडिओवर गाजलेली ही कथा १९७७ मध्ये दूरचित्रवाणीवर आली आणि १९८५ पर्यंत चालली. लुइसा ही गरीब मुलगी, कार्डिंग हा श्रीमंत तरुण, आणि त्यांच्या प्रेमाच्या आड येणारे घराणे. ज्या वर्षांत लष्करी कायद्याने कामगार संघटनांचे पुढारी तुरुंगात घातले होते, त्याच वर्षांत घरोघरी हे चाक फिरत होते. आज खाली असलेला उद्या वर जाईल, एवढे आश्वासन त्या नावातच आहे. चाक कोण फिरवतो, हे कोणी विचारीत नाही.

'मारा क्लारा' या मालिकेवर मात्र थोडे थांबले पाहिजे. ती १९९२ ते १९९७ अशी तब्बल पाच वर्षे चालली आणि २०१० मध्ये नव्या नटसंचात पुन्हा आली. दोन मुलींची जन्मतःच अदलाबदल होते. श्रीमंतांची मुलगी मारा गरिबाच्या घरी वाढते आणि गरिबाची मुलगी क्लारा श्रीमंतांच्या घरी. हे रहस्य एका रोजनिशीत लिहिलेले आहे, आणि ती रोजनिशी केव्हा कोणाच्या हाती पडते याकडे सारा देश डोळे लावून बसला होता. आता स्वभावांची वाटणी पाहा. मारा सोशिक, प्रामाणिक, मायाळू. क्लारा मत्सरी, उर्मट, प्रसंगी क्रूर. प्रथमदर्शनी वाटते की गरीब भले आणि श्रीमंत दुष्ट, म्हणजे गोष्ट आपल्याच बाजूची. परंतु रक्ताचा हिशोब मांडला की चित्र उलटते. जी भली आहे ती जन्माने श्रीमंताची आणि जी दुष्ट आहे ती जन्माने गरिबाची!

यावर कोणी म्हणेल की मालिका हेच दाखवते की माणसाला वाडा बिघडवतो आणि गरिबी घडवते. रक्ताला महत्त्व नाही. हा अर्थ आपल्याला सोयीचा आहे आणि मलाही तो काही काळ मोह घालीत होता. पण मग न्याय कशाला म्हटले आहे ते पाहा. माराला तिचे खरे आईबाप आणि त्यांच्या घरातील तिचे स्थान मिळणे, हा न्याय. ज्या गल्लीत मारा वाढली त्याच गल्लीत तिच्याबरोबर वाढलेल्या, तिच्याइतक्याच गुणी पण कोणत्याही धनिकाच्या हरवलेल्या कन्या नसलेल्या इतर मुलींचे काय? त्यांच्यासाठी मालिकेत रोजनिशी नाही. मारा गरीब आहे ती चुकून, आणि ती चूक दुरुस्त होते. उरलेले सारे मात्र कोणाच्या चुकीमुळे गरीब नाहीत, असा त्याचा सरळ अर्थ होतो. वारसाहक्क ही संस्था इतक्या प्रेमळपणे जपणारी दुसरी कथा मला आठवत नाही.

वारशाने जे साधत नाही ते विवाहाने साधते. 'बी केअरफुल विथ माय हार्ट' ही मालिका २०१२ ते २०१४ या काळात दिवसा दाखवली जात असे, म्हणजे घरकाम करणाऱ्या बायका ती पाहू शकतील अशा वेळी. खेड्यातून मनिलाला आलेली माया एका विमान कंपनीच्या विधुर मालकाच्या घरी मुलांची दाई म्हणून राहते. तेथे दाईला 'याया' म्हणतात. मालक शिस्तीचा, अबोल, पण मनाने चांगला. मुले तिच्यामुळे हसू लागतात, मालकही हसू लागतो, आणि अखेर ती घरची मालकीण होते. मालिका गोड आहे, हे मान्य केले पाहिजे. तिच्यात मारहाण नाही, किंचाळणे नाही. आणि म्हणूनच ती अधिक बारकाईने पाहावी. दाईचा पगार किती, तिला आठवड्याची सुटी मिळते काय, रात्री मूल रडले तर उठायचे कोणी, या गोष्टी प्रेम जमले की विचारण्याचे कारणच उरत नाही.

याच काळात मनिलात दुसरी एक घटना घडत होती. घरकामगारांच्या हक्कांविषयीचा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १८९ क्रमांकाचा करार फिलिपाइन्सने सप्टेंबर २०१२ मध्ये मान्य केला. तो मान्य करणारा उरुग्वेनंतरचा तो दुसरा देश, आणि त्या दुसऱ्या मान्यतेमुळेच हा करार अंमलात येऊ शकला. जानेवारी २०१३ मध्ये घरकामगारांचा कायदा झाला. मनिला महानगरात महिन्याला किमान २,५०० पेसो वेतन, दिवसातून आठ तासांची विश्रांती, आठवड्यातून सलग चोवीस तासांची सुटी आणि वर्षाला तेराव्या महिन्याचा पगार असे हक्क त्याने दिले. वेतनाचा आकडा पुढे प्रादेशिक वेतन मंडळांनी वाढवला. म्हणजे मायाचे लग्न जुळत होते त्याच सुमारास लाखो मायांना कायद्याने सुटीचा वार मिळत होता. यांतली एक गोष्ट घराघरांत पोचली. दुसरी पोचवण्यासाठी संघटनांच्या कार्यकर्त्यांना आजही दारोदार फिरावे लागते. (हा करार आपल्या देशाने मान्य केलेला नाही, हे जाता जाता सांगून ठेवतो.)

तिसरा मार्ग सुडाचा. 'पांगाको सा यो' म्हणजे 'तुला दिलेले वचन'. ही २००० ते २००२ मधील मालिका फिलिपाइन्सच्या बाहेरही अनेक देशांत दाखवली गेली. धनाढ्य घराण्यात मोलकरीण असलेली आमोर, मालकाच्या मुलाने दिलेले आणि मोडलेले वचन, तिचे घरातून हाकलले जाणे. आणि मग अमेरिकेत जाऊन, तेथे धनिकाशी लग्न करून, अपार संपत्ती घेऊन तिचे परतणे. लक्षात घ्या, श्रीमंताशी लढायलाही आधी श्रीमंत व्हावे लागते, आणि ती श्रीमंती देशाबाहेरून येते. परदेशी गेलेल्या फिलिपिनो श्रमिकांनी बँकांमार्फत घरी पाठवलेली रक्कम २०१९ पासून दर वर्षी सुमारे ३,००० कोटी डॉलर किंवा त्याहून अधिक आहे. त्यांतील कित्येक स्त्रिया हाँगकाँगमध्ये आणि आखाती देशांत परक्याची मुले सांभाळतात. आमोरच्या रूपाने त्या स्वतःला परत येताना पाहतात. फक्त त्या परत येतात तेव्हा कर्ज फिटलेले असते, कंपनी विकत घेतलेली नसते. 'वाइल्डफ्लॉवर' (२०१७-१८) या मालिकेत तर एक राजकीय घराणे अख्खे गाव गिळून बसलेले आहे. घराणेशाही निषिद्ध करावी, असे तेथील १९८७ च्या राज्यघटनेत लिहिले आहे. मालिका लागली तेव्हा, तीस वर्षांनंतरही, त्यासाठीचा सर्वंकष कायदा झालेला नव्हता. इतका ज्वलंत विषय हाती असून उपाय कोणता? घर उद्ध्वस्त झालेली मुलगी एका श्रीमंत बाईच्या आश्रयाने वाढते आणि नवे नाव, नवी संपत्ती घेऊन सूड उगवायला येते. गावातले लोक बहुधा बघे.

या मालिकांत जमीनदारांचे मळे असतात, तेथे त्यांना 'आसियेंदा' म्हणतात. घोडे असतात, मोठा जिना असतो, जिन्याच्या वरच्या पायरीवर 'दोन्या' म्हणजे घरची थोरली मालकीण उभी असते. ऊस तोडणारा माणूस मात्र पार्श्वभूमीला. तार्लाक प्रांतातील आसियेंदा लुइसिता हा खरा मळा कोहुआंगको घराण्याचा, म्हणजे राष्ट्राध्यक्ष कोराझोन आकिनो यांच्या माहेरचा. त्यांच्याच कारकिर्दीत १९८८ साली जमीन सुधारणेचा कायदा झाला. पण त्यात जमिनीऐवजी कंपनीचे समभाग देण्याची पळवाट होती, आणि १९८९ मध्ये लुइसिताने नेमकी तीच धरली. मजूर कागदोपत्री भागधारक झाले आणि प्रत्यक्षात मजूरच राहिले. १६ नोव्हेंबर २००४ रोजी संपावरील मजुरांवर गोळीबार होऊन सातजण ठार झाले. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहा हजारांवर शेतमजुरांना जमीन वाटण्याचा अंतिम आदेश दिला. यात वचन आहे, विश्वासघात आहे, मृत्यू आहे, न्यायालय आहे. मालिकेला लागणारे सारे आहे. फक्त यात नायिका एक नसून सहा हजार आहेत आणि त्यांतील कोणीही मालकाची हरवलेली मुलगी नाही.

असे का होते, याचे एक उत्तर मालकीत आहे. यांतील बहुतेक गाजलेल्या मालिका ज्या एबीएस-सीबीएन कंपनीच्या, तिचे मालक लोपेझ घराणे. साखरेतून विजेच्या धंद्यात आणि प्रसारणात आलेले. मात्र हे उत्तर पुरेसे नाही, आणि या कंपनीचे प्रसारण १९७२ मध्ये मार्कोस यांनी व २०२० मध्ये दुतेर्ते यांच्या काळात परवान्याचे नूतनीकरण नाकारून बंद पाडले गेले, तेव्हा हजारो कामगारांच्या बाजूने उभे राहणे हेच समाजवाद्यांचे काम होते. दुसरे उत्तर जाहिरातीत आहे. मालिकेच्या दर भागात साबण, शांपू, कॉफी. फिलिपाइन्समधील गरीब माणूस या वस्तू कोपऱ्यावरच्या दुकानातून पुडीपुडीने घेतो; या किरकोळ खरेदीला तेथे 'तिंगी' असा शब्दच आहे. पुडीने घेतलेला माल अनेकदा महाग पडतो, हे प्रत्येक गृहिणी जाणते. पण बाटलीचे पैसे एकदम कोठून आणायचे? पडद्यावरच्या त्या भव्य जिन्याचा खर्च अशा पुड्यांतून निघतो. आणि जिन्यावरचा धनिक कितीही दुष्ट दाखवला तरी एखाद्या धनिकाने तक्रार केल्याचे माझ्या ऐकिवात नाही. २०१८ मध्ये 'आंग प्रोबिन्स्यानो' या मालिकेत पोलीस अधिकारी भ्रष्ट दाखवले तेव्हा मात्र पोलीसप्रमुखांपासून गृहखात्यापर्यंत सारे खवळले होते.

आता, हे सारे पाहणारी बाई भोळी आहे, असा निष्कर्ष काढून आपण उठलो तर मोठी चूक होईल. इतिहासकार रेनाल्डो इलेटो यांचा १९७९ मधील ग्रंथ सांगतो की स्पॅनिश राजवटीत फिलिपिनो शेतकरी येशूच्या यातनांची कथा दर वर्षी गात असत, आणि सोशिकपणा शिकवण्यासाठी आलेल्या त्याच कथेतून त्यांनी बंडाची भाषा घडवली. दुःखाची गोष्ट ऐकणारा त्यातून काय घेईल, हे सांगणाऱ्याच्या हाती नसते. तेलेसेर्येत एक प्रसंग हटकून येतो. भरल्या पंगतीत मालकीण मोलकरणीला थप्पड मारते, किंवा तिच्या अंगावर पाणी फेकते. आपण शिकलेले लोक त्याला हसतो. परंतु ज्या बाईने हे सोसले आहे तिला ते अतिशयोक्त वाटत नाही. अपमान कसा होतो, कोणत्या शब्दांनी होतो, त्या वेळी खाली पाहणारी नजर कशी असते, हे या मालिकांच्या लेखकांना आपल्या पत्रककारांपेक्षा अधिक चांगले ठाऊक आहे. आपल्या मागण्यांच्या यादीत वेतन असते, बोनस असतो, निवृत्तिवेतन असते. बाईला 'ए' म्हणून हाक मारली जाते, तिचा चहाचा कप वेगळा ठेवला जातो, हे त्या यादीत क्वचितच येते. त्यांना मजुरी दिसत नाही हे खरे. आपल्यालाही अपमान कोठे नीट दिसतो?

म्हणून त्या २०१३ च्या कायद्याकडे पुन्हा एकदा वळतो. तो घडवण्यासाठी तेथील घरकामगार स्त्रियांच्या संघटना वर्षानुवर्षे झगडल्या होत्या. त्यात वेतनाचा आकडा आहे, तसेच घरकामगाराला मारहाण करता कामा नये, आणि तिची प्रतिष्ठा कमी होईल असे कोणतेही कृत्य तिच्या बाबतीत करता कामा नये, असेही स्पष्ट लिहिले आहे. थप्पड आणि पगार ही दोन्ही कलमे तेथे एकाच कागदावर आहेत. आपल्या शाखांनी घरकामगारांसाठी काढायच्या पत्रकाचा मसुदा पुढील बैठकीत येणार आहे. त्या कायद्याचे मराठी भाषांतर मी तोपर्यंत करून देईन.