पेठेतील ओटा आणि तंबूतील पडदा
(वार्षिक ज्ञातिमेळाव्यात केलेले भाषण)



आपल्या जुन्या पेठेविषयी चार शब्द बोलावेत अशी चिटणीसांनी आज्ञा केली, म्हणून आम्ही आपणांसमोर उभे आहोत. आम्ही इतिहासाचे अभ्यासक नव्हे. शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे आणि हयात प्राथमिक शाळेत मुलांना पाढे शिकविण्यात गेलेली. परंतु जन्म शिंप्याच्या घरातला, बालपण बारामतीच्या पेठेतले आणि नोकरीची बरीच वर्षे इंदापुरात गेलेली. तेव्हा या दोन्ही गावांच्या बाजाराशी आमचा जो ऋणानुबंध जडला, त्याच्याच बळावर हे धाडस करीत आहोत.

बारामती म्हटले की कऱ्हेचा काठ आणि कविवर्य मोरोपंत यांचे स्मरण प्रथम होते, आणि ते योग्यच आहे. परंतु पेठ वाढली ती पाटाच्या पाण्याने. भाटघरच्या धरणातून नीरेचा डावा कालवा या भागात आला, उसाचे मळे उभे राहिले, गुऱ्हाळे पेटली आणि बारामतीची गुळाची बाजारपेठ नावारूपास आली. १९१४ साली दौंडहून अरुंद रुळांची छोटी आगगाडी सुरू झाली व गूळ बाहेर जाऊ लागला. इंदापूरची गोष्ट निराळी. शिवछत्रपतींचे आजोबा मालोजीराजे यांच्या नावाशी निगडित असलेले हे गाव पुणे-सोलापूर हमरस्त्यावरचे. जाणाऱ्या-येणाऱ्या वाटसरूंवर आणि भीमेकाठच्या खेड्यांवर त्याची पेठ चाले. पुढे १९८० साली उजनीचे धरण पुरे झाले आणि पळसदेवसारखी जुनी गावठाणे पाण्याखाली गेली. त्या गावांची माणसे नव्या वसाहतींत गेली, आणि पेठेतल्या कित्येक दुकानांची पिढ्यान्‌पिढ्यांची गिऱ्हाइके पांगली.

त्या काळची पेठ आजच्या मुलांना समजावून सांगणे कठीण आहे. सराफाची गादी, कासाराकडील बांगड्यांचे चुडे, तांबटाच्या हातोडीचा ठोका, अत्ताराकडील कुंकू-बुक्क्याचा वास, वाण्याकडील गुळाच्या ढेपा, सायकली तासावर भाड्याने देणारे दुकान आणि भज्यांच्या घाण्याशेजारी मोठ्याने वाजणारा रेडिओ, हे सर्व एकाच रस्त्यावर असे. गुरुवारी बारामतीचा बाजार. त्या दिवशी खेड्यापाड्यांतून बैलगाड्या येत आणि दुपारपर्यंत रस्त्यात पाऊल ठेवण्यास जागा उरत नसे. शेतकऱ्याने गूळ किंवा भुसार विकावे, पैसे कनवटीस लावावेत आणि मग कापड घेऊन आपल्या ओट्यावर यावे, असा क्रम ठरलेला असे.

हा ओटा म्हणजे आपल्या ज्ञातीचे खरे कार्यालय. पायाने चालविण्याचे एक शिवणयंत्र, कात्री, खडू, मापाची पट्टी, कोळशाची इस्त्री आणि काजे-बटणे करीत बसलेली घरातली मुले, एवढेच भांडवल. मांजरपाटाच्या बंड्या आणि कोपऱ्या, लेंगे, सदरे, शाळेच्या खाकी चड्ड्या आणि खणांच्या चोळ्या यांवर घर चाले. दिवाळीच्या आधी पंधरा दिवस पेठेत बत्त्या रात्रभर जळत. "उद्या नक्की" हे आपल्या वडीलमंडळींचे वचन सर्वांना ठाऊक होते आणि ते उद्या मिळत नाही हेही ठाऊक होते; तरी लक्ष्मीपूजनाच्या सायंकाळी एकही पोर जुन्या कपड्यांत राहत नसे.

या दुकानातील अत्यंत मोलाची वस्तू म्हणजे मापाची वही. उंची, छाती, खांदा, बाही, गळा हे आकडे, बाजूस टाचलेला कापडाचा तुकडा आणि खाली बाकी. आम्ही शिक्षक झाल्यावर आमच्या ध्यानात एक गोष्ट आली. शाळेच्या दाखल्यात पुष्कळ मुलांची जन्मतारीख १ जून असे, कारण खरी कोणासच माहीत नसे व नाव घालण्याच्या वेळी मास्तर ती सोयीने लिहीत. मापाच्या वहीत मात्र त्याच मुलाची वाढ वर्षावर्षाला इंचाच्या हिशेबाने नोंदलेली असे. एखाद्या वर्षी उंची वाढली आणि छाती तेवढीच राहिली, तर ते वर्ष घराला कसे गेले हे निराळे विचारावे लागत नसे.

१९७२ च्या दुष्काळात हे फार प्रकर्षाने दिसले. आपल्या भागातील शेतकरी खडी फोडण्याच्या कामावर गेले, मुले शाळेत सुकडीवर जगली. कापड घेण्याचा प्रश्नच नव्हता. त्या दोन वर्षांत ओट्यावर नवे काम थोडे आणि ठिगळांचे काम फार. वडिलांच्या वहीत बाक्या मागील पानावरून पुढे ओढल्या गेल्या. पण तगाद्यासाठी ते कोणाच्या दारी गेलेले आम्हांस आठवत नाही. पाऊस झाल्यावर बहुतेकांनी आपण होऊन पैसे आणून दिले. काहींनी कधीच दिले नाहीत, आणि त्यांचीही मापे वहीत तशीच राहिली.

आता करमणुकीविषयी. उरुसात, जत्रेत आणि सुगी संपल्यावर तंबूतील सिनेमा येई. इंदापूरच्या चाँदशाहवली बाबांच्या उरुसाची तर मुले वर्षभर वाट पाहत. दुपारी बैलगाडीवर किंवा टांग्यावर फलक लावून भोंगा फिरे. रात्री कनातीच्या आत मातीवर बसून खेळ पाहावयाचा. यंत्र एकच असल्याने प्रत्येक रिळानंतर अंधार होई, आणि त्या अंधारात शेंगांच्या टरफलांचा आवाज व शिट्ट्या चालत. मध्ये कापडी पडदा बांधून स्त्रियांची बाजू निराळी केलेली असे. १९७१ चा दादा कोंडके यांचा 'सोंगाड्या' आणि १९७५ चा 'जय संतोषी माँ' या दोहोंनी आमच्या पिढीला हसविले व हात जोडावयास लावले. तमाशाचे फड येत तेव्हा वडील "तिकडे फिरकू नका" असे बजावीत आणि स्वतः मात्र कनातीचे काम पाहण्याच्या निमित्ताने जात. निमित्त अगदीच खोटे नसे. तंबू फाटला, पडद्याची शिवण उसवली की निरोप पेठेतील शिंप्यालाच येई. जाड सुई, मेणाचा दोरा घेऊन घरातला कोणीतरी जाई आणि मजुरीपैकी काही भाग फुकट प्रवेशाच्या रूपाने घरी येई.

आषाढवारीत श्रीतुकाराम महाराजांची पालखी बारामतीहून काटेवाडी, निमगाव केतकीवरून इंदापुरास येते. त्या दिवसांत आपल्यातले कित्येकजण यंत्र रस्त्यावर आणून वारकऱ्यांच्या बंड्या, पिशव्या, पताका विनामूल्य शिवून देत. संत नामदेवांचे नाव सांगणाऱ्या ज्ञातीस याहून मोठी करमणूक आणि याहून मोठी सेवा ती कोणती!

परंतु बंधूंनो, केवळ कौतुक करून खाली बसणे शिक्षकाच्या पेशाला शोभणार नाही. ज्या ओट्याचे आम्ही गुणगान केले, त्या ओट्यावर सर्वांना बसता येत नव्हते. गावकुसाबाहेरच्या माणसाने खालीच उभे राहावे, कापड दुरून टाकावे, आणि माप पट्टीने न घेता अंदाजाने घ्यावे, अशी रीत आम्ही लहानपणी डोळ्यांनी पाहिली आहे. १९५५ साली अस्पृश्यता पाळणे कायद्याने गुन्हा ठरले होते. रीत मात्र त्यानंतरही बरीच वर्षे टिकून होती. ज्या वहीत गावाची मापे होती तीत त्या मुलांची उंची नाही. आपल्या स्त्रियांनी रात्र-रात्र बसून काजे केली, हातशिलाई केली, पण दुकानाच्या पाटीवर त्यांचे नाव कधी आले नाही. जुन्या पेठेची आठवण काढावयाची, तर तिच्या हिशेबात ही बाकीही लिहिली पाहिजे.

पुढे टेरीकॉट आले, तयार कपडे आले, १९८७ साली 'रामायण' सुरू झाले आणि रविवारी सकाळी पेठ ओस पडू लागली. तंबू येईनासे झाले. तयार कपड्यांच्या दुकानात गिऱ्हाइकाला कोणी ओळखत नाही. पण कोणी त्याची जातही विचारीत नाही. आमचे नुकसान झाले त्याच गोष्टीने दुसऱ्या कोणाची तरी मान ताठ झाली, हे मान्य करावयास आम्हांस जड जात नाही. आज बारामतीच्या औद्योगिक वसाहतीतील टेक्स्टाइल पार्कात सर्व जातींच्या स्त्रिया यंत्रावर बसून स्वतःचा पगार घरी नेतात. शिवणकाम संपले नाही. ते ओट्यावरून उठून तेथे गेले.

म्हणून आमची विनंती दोन गोष्टींची आहे. ज्यांच्या माळ्यावर जुन्या मापाच्या वह्या, दुकानाच्या पाट्या, पेठेची छायाचित्रे धूळ खात असतील, त्यांनी ती रद्दीत न घालता आपल्या संस्थेकडे सोपवावीत. तीमध्ये गावाचा जो इतिहास आहे तो अन्यत्र लिहिलेला नाही. आणि ज्या दोन-चार घरांत यंत्र अजून चालते, त्या घरांतील मुलांचा सत्कारही, परीक्षेत पहिल्या आलेल्या मुलांच्या बरोबरीने, याच व्यासपीठावर व्हावा. आमच्या वडिलांनी त्या यंत्राच्या जोरावर आम्हांस शाळेत घातले आणि यंत्रापासून दूर केले. त्यांचा हेतू थोर होता. पण त्यामुळे ते काम हलके ठरले असे आपल्या मुलांनी समजू नये.