नाट्य रुग्णाचे असावे

स्वतःला ईश्वर किंवा एखादा सत्ताधीश मानणाऱ्या माणसावर भूमिकाभिनयातून उपचार होऊ शकतो का, हा आजच्या परिषदेचा प्रश्न आहे. होऊ शकतो, पण त्या नाट्याचा कर्ता रुग्ण स्वतः असेल तरच, असे माझे ठाम मत आहे.

दोन नोंदी शेजारी ठेवून पाहा. 1959 मध्ये मानसशास्त्रज्ञ मिल्टन रोकीच यांनी अमेरिकेतील इप्सिलांटी येथील सरकारी मनोरुग्णालयात स्वतःला येशू ख्रिस्त समजणाऱ्या तीन रुग्णांना एकत्र आणले. परस्परविरोधी दाव्यांमुळे भ्रम ढासळेल, अशी त्यांची अटकळ होती. पुढे तर एका रुग्णाच्या काल्पनिक पत्नीच्या नावाने पत्रेही लिहिली गेली. तिघांचाही भ्रम सुटला नाही आणि कालांतराने रोकीच यांनीच या हस्तक्षेपाबद्दल जाहीर खंत व्यक्त केली. मनोनाट्याचे जनक जेकब मोरेनो यांनी नोंदवलेली हकिकत निराळी आहे. न्यूयॉर्कमधील एक खाटीक आपणच खरा हिटलर असल्याचे सांगत असे. परिचारक हिटलरचे साथीदार गोरिंग आणि गोबेल्स झाले, रुग्ण रंगमंचावर आपले प्रसंग स्वतः उभे करू लागला आणि अखेरीस आपली मिशी काढा, असे त्यानेच सांगितले. पहिल्या प्रयोगात संहिता संशोधकाच्या हाती होती, दुसऱ्यात ती रुग्णाकडे आली.

यावर रास्त आक्षेप आहेत. मोरेनोंची हकिकत त्यांनी स्वतः सांगितलेली आणि एकाच रुग्णाची आहे. शिवाय त्यांनी रुग्णाला आधी स्पष्ट कल्पना न देता नाट्य सुरू केले, तशी सुरुवात आज मान्य होणार नाही. स्किझोफ्रेनियातील नाट्योपचारांच्या 2007 च्या कॉक्रेन आढाव्यात अवघे पाच अभ्यास आणि 210 रुग्ण होते, त्यातून ठाम निष्कर्ष निघाला नाही. म्हणूनच औषधोपचार बाजूला सारून हा मार्ग कोणी सुचवू नये. अभिनयाने भ्रम बळावेल ही भीतीही खरी आहे. त्यासाठी नाट्याला आरंभ, शेवट आणि नंतरची चर्चा हवी, आणि रुग्णाला ते केव्हाही थांबवता आले पाहिजे. लंडनमधील ‘अवतार’ उपचारात कानी येणाऱ्या आवाजाचा चेहरा रुग्णच घडवतो आणि त्या चेहऱ्यामागून उपचारक बोलतो आहे हे त्याला माहीत असते. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 150 जणांच्या चाचणीत बारा आठवड्यांनी या उपचाराने समुपदेशनापेक्षा अधिक आराम दिला. चोविसाव्या आठवड्यात मात्र तो फरक उरला नाही. हा उपचार भासांवरचा आहे, स्वतःच्या ओळखीविषयीच्या भ्रमावरचा नव्हे. तरी रुग्णाला सगळे सांगूनही भूमिकाभिनय परिणाम साधू शकतो, एवढे त्यातून नक्की दिसते.

भ्रमात असलेला माणूस संमती कशी देणार, असेही विचारले जाईल. आपल्या 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने केवळ आजार आहे म्हणून निर्णयक्षमता नाही, असे मानलेले नाही. स्वतःला राजा समजणाऱ्यालाही आजचा खेळ नको, हे सांगता येते आणि ते आपण ऐकलेच पाहिजे. या परिषदेतून संमती, देखरेख आणि काटेकोर नोंदी यांची एक सामायिक पद्धत ठरावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.