विकले गेले कोण, आणि ठरवले कोणी?

(युवतींच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचे हे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



आजचा विषय ऐकून तुमच्यापैकी काहीजणींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. पंक संगीत, म्हणजे ते इंग्लंड-अमेरिकेतले केस रंगवून, फाटके कपडे घालून किंचाळणारे तरुण! त्यांच्याशी आपले काय देणेघेणे? पण या तरुणांच्या जगात एक वाद जवळजवळ पन्नास वर्षे चालू आहे, आणि तो आपल्या चळवळीतही नेहमी डोके वर काढतो. ‘अमुक विकला गेला’ असे कधी म्हणायचे, आणि ते म्हणण्याचा अधिकार कोणाला, हा तो वाद.

आधी आपल्या भाषेतला एक फरक लक्षात घ्या. एखाद्या पुढाऱ्याबद्दल ‘तो विकला गेला’ असे आपण म्हणतो, तेव्हा त्याने तत्त्व सोडले असा अर्थ होतो. पण ‘ती विकली गेली’, ‘तिने स्वतःला बाजारात मांडले’ असे म्हटले की ऐकणाऱ्याच्या मनात तत्त्व येत नाही, तिचे शरीर येते. शब्द तोच, पण बाईला लावला की त्याचा अर्थ बदलतो. हा फरक मनात ठेवूनच पुढचे ऐका.

पंकची सुरुवात १९७५-७६ च्या सुमारास न्यूयॉर्क आणि लंडनमध्ये झाली. त्या वेळी रॉक संगीत हा मोठ्या कंपन्यांचा, महागड्या वाद्यांचा आणि वर्षानुवर्षे रियाज केलेल्या पुरुषांचा प्रांत झाला होता. पंक म्हणाले, तीन सूर येत असतील तरी पुरे, उभे राहा आणि गा. रेकॉर्ड स्वतः काढा, मासिक स्वतः छापा, कार्यक्रम स्वतः भरवा. ‘स्निफिन ग्लू’ हे लंडनचे पंक नियतकालिक १९७६ मध्ये असेच घरच्या घरी सुरू झाले. ज्यांना कोणी दारात उभे केले नसते त्यांनी स्वतःचे दार उघडले, हे पंकचे खरे आकर्षण होते. त्यात मुलीही होत्या.

म्हणूनच जानेवारी १९७७ मध्ये ‘द क्लॅश’ या गटाने सीबीएस या बलाढ्य कंपनीशी १ लाख पौंडांचा करार केला, तेव्हा ‘स्निफिन ग्लू’च्या संपादकाने त्या दिवशी पंक मेले असे जाहीर करून टाकले. त्याच वर्षी कंपनीने क्लॅशचे एक गाणे त्यांना न विचारता स्वतंत्र रेकॉर्ड म्हणून बाजारात आणले. पण याच क्लॅशने १९७९ मध्ये दोन तबकड्यांचा संग्रह एकाच्या किमतीत विकायला कंपनीला भाग पाडले, आणि पुढच्या वर्षी तीन तबकड्यांचा संग्रह स्वस्तात मिळावा म्हणून आपल्या मानधनाच्या मोठ्या भागावर पाणी सोडले. मग क्लॅश विकले गेले की नाही? होय म्हणा, नाही म्हणा, दोन्ही बाजूंना पुरावा आहे. म्हणून मला वाटते, प्रश्नच थोडा वेगळा विचारायला हवा.

तो कसा, हे दुसऱ्या दोन उदाहरणांवरून बघू. इंग्लंडमध्येच ‘क्रास’ नावाचा गट होता. एसेक्स परगण्यातल्या एका जुन्या घरात ही मंडळी एकत्र राहत. त्यांनी स्वतःची रेकॉर्ड कंपनी काढली आणि वेष्टनावरच छापले की, यापेक्षा जास्त पैसे देऊ नका. म्हणजे दुकानदारालाही चढा भाव लावायची सोय नाही! १९८१ मध्ये त्यांनी फक्त स्त्रियांच्या आवाजातला एक संग्रह काढला. लग्न, प्रेम, सौंदर्य यांच्या नावाखाली बाईला कसे बांधले जाते, हा त्याचा विषय. त्यातले शेवटचे गाणे म्हणजे लग्नाच्या गोडगोड गाण्याचे विडंबन होते. एका खोट्या भारदस्त कंपनीच्या नावाने त्यांनी ते ‘लव्हिंग’ या मुलींच्या प्रेमकथा-मासिकाकडे पाठवले. मासिकाने ते खरे मानून आपल्या वाचक-मुलींना लग्नाची खास भेट म्हणून देऊ केले. नंतर बिंग फुटले तेव्हा बरीच आरडाओरड झाली. खरे गोड गाणे आणि त्याची टिंगल यांतला फरक विकणाऱ्यालाही कळेना, हेच तर त्यांना दाखवायचे होते.

दुसरे उदाहरण अमेरिकेतल्या वॉशिंग्टन शहराचे. तिथे १९८० मध्ये काही मुलांनी ‘डिस्कॉर्ड’ ही रेकॉर्ड कंपनी काढली. त्यांतल्याच इयन मॅकायचा ‘फुगाझी’ हा गट १९८७ पासून गाऊ लागला. तिकीट साधारण ५ डॉलर, कोणत्याही वयाच्या मुलामुलींना प्रवेश, टी-शर्ट वगैरेंची विक्री नाही. प्रेक्षकांत कोणी धक्काबुक्की केली तर गाणे थांबवून त्याला समज द्यायची.

आता बघा, क्रास आणि फुगाझी दोघेही विकत होतेच. रेकॉर्ड विकत होते, तिकिटे विकत होते. फुकट कोणीच गात नव्हते. पण किंमत कोण ठरवणार, आत कोण येणार, काय छापले जाणार, हे निर्णय त्यांच्या हातात होते. विकणे आणि विकले जाणे यांत हा फरक आहे.

मोठ्या कंपनीशी करार केल्यावर हे निर्णय हातातून कसे जातात? संगीत ध्वनिमुद्रित करणारे स्टीव्ह अल्बिनी यांनी १९९३ मध्ये ‘द बॅफलर’ या नियतकालिकात एका काल्पनिक गटाचा हिशेबच मांडून दाखवला. कंपनी या गटाला अडीच लाख डॉलर आगाऊ देते. त्यातून स्टुडिओ, निर्माता, वकील, व्यवस्थापक, दौऱ्याची गाडी अशा सगळ्यांचे पैसे जातात. रेकॉर्डच्या अडीच लाख प्रती खपतात, उद्योगाला तीस लाखांहून जास्त डॉलर मिळतात. आणि गाणाऱ्यांना? प्रत्येकी सुमारे ४,००० डॉलर. वर कंपनीच्या वहीत त्यांच्या नावे कर्ज उरतेच.

हे ऐकून तुम्हाला उचल आठवली ना? ऊसतोडीला जाणारे जोडपे मुकादमाकडून उचल घेते आणि ती फेडता फेडता पुढचा हंगाम येतो. इथे मोठा फरक आहे, आणि तो विसरून चालणार नाही. गाणाऱ्यांचे हे कर्ज सहसा त्यांच्या मानधनातूनच वळते होते, घरची भांडी कोणी उचलून नेत नाही. पण बांधून ठेवण्याची रीत तीच. आधी हातात पैसा ठेवायचा, मग त्या पैशाने माणूस बांधून घ्यायचा.

म्हणून पंकवाले चिडत होते त्यात तथ्य होते. पण चिडीचे पुढे काय झाले? कॅलिफोर्नियात बर्कली इथे १९८६ च्या अखेरीस ‘गिलमन स्ट्रीट’ नावाचे सभागृह स्वयंसेवकांनी सुरू केले. वंशद्वेष नको, स्त्रीद्वेष नको, समलिंगी माणसांचा द्वेष नको, दारू नको, मारामारी नको, असे नियम. मोठ्या कंपनीशी करार केलेल्या गटाला मंच मिळणार नाही, हाही एक नियम. ‘ग्रीन डे’ हा गट तिथेच वाढला. १९९३ मध्ये त्यांनी मोठ्या कंपनीशी करार केला, १९९४ च्या त्यांच्या संग्रहाच्या एक कोटीहून जास्त प्रती खपल्या, आणि घरचे दार बंद झाले. ते त्या मंचावर पुन्हा गायले ते २०१५ मध्ये. एके प्रेस या पुस्तक-प्रकाशन संस्थेला आग लागली होती, तिच्या मदतीसाठी कार्यक्रम होता.

नियम चुकीचा होता असे मी म्हणत नाही. जागा छोटी, पैसा मोठा, कुंपण घालावेच लागते. पण कुंपणाचे सोवळे व्हायला वेळ लागत नाही. कोण कोणाला शिवले, कोणी कोणाशी करार केला, यावरच सारी चर्चा. आणि सोवळ्याचा भार कोणावर पडतो, हे आपल्याला कोणी सांगायला नको. सोवळे पाळायचे आजोबांनी, पहाटे थंड पाण्याने आंघोळ करून चुलीशी बसायचे आजीने!

इथे मी मुलींकडे येते. १९९१ मध्ये अमेरिकेच्या वायव्येकडच्या ऑलिंपिया या छोट्या शहरात आणि वॉशिंग्टनमध्ये ‘रायट गर्ल’ ही चळवळ उभी राहिली. पंकच्या गर्दीत मुलींना ढकलले जाई, अंगाला हात लावले जात, मंचावरच्या मुलीला शिव्या ऐकाव्या लागत. ‘बिकिनी किल’ या गटाची गायिका कॅथलीन हॅना मुलींना पुढे बोलवी आणि मुलांना मागे जायला सांगे. बलात्कार, घरातला अत्याचार, स्वतःच्या शरीराबद्दलची लाज, यांवर मुली हाताने लिहिलेली, झेरॉक्स केलेली मासिके काढू लागल्या.

कॅथलीन हॅनाने स्वतःच जाहीरपणे सांगितले आहे की, गट चालवण्याचा आणि पोटापाण्याचा खर्च भागवण्यासाठी ती क्लबांमध्ये कपडे उतरवून नाचण्याचे काम करत असे. यावरून तिला पुष्कळ बोलणी खावी लागली. स्त्रीवादी म्हणवते आणि हे करते! आता विचार करा. तिचे गाणे कोणत्याही बड्या कंपनीला विकलेले नव्हते, ते ‘किल रॉक स्टार्स’ या छोट्या संस्थेकडून येत होते. पंकच्या कसोटीवर ती शुद्ध. पण त्या शुद्धतेचा खर्च कुठून तरी यायलाच हवा होता. ज्या मुलाच्या पाठीशी घरचा पैसा आहे त्याला ‘मी विकलो गेलो नाही’ असे म्हणणे सोपे असते. जिच्या पाठीशी कोणी नाही, तिला गाणे वाचवण्यासाठी दुसरे काहीतरी विकावे लागते, आणि मग दोष पुन्हा तिचाच.

पुढे १९९२ मध्ये मोठी वर्तमानपत्रे आणि साप्ताहिके या मुलींच्या मागे लागली. बातम्या आल्या त्या बऱ्याचदा कपड्यांच्या आणि नखऱ्यांच्या. तेव्हा अनेकींनी ठरवले की, पत्रकारांशी बोलायचेच नाही. चार वर्षांनी ‘गर्ल पॉवर’ ही घोषणा ‘स्पाइस गर्ल्स’च्या तोंडून जगभर गेली, तिच्यासोबत बाहुल्या आणि शीतपेयेही गेली. तेच दोन शब्द १९९१ मध्ये बिकिनी किलच्या हातमासिकावर छापलेले होते. घोषणा राहिली, तिच्यामागचा राग तेवढा गळून पडला. कोणीही करारावर सही न करता चळवळीची वस्तू अशी बाजारात जाऊ शकते.

आणि या चळवळीच्या आतलेही एक सत्य सांगायला हवे. तिच्यात गोऱ्या, मध्यमवर्गीय मुलींचा भरणा होता. १९९७ मध्ये मिमी थी न्गुयेन यांनी गोऱ्येतर पंक मुलामुलींचे लेखन एकत्र करून हातमासिक काढले, ते याच रागातून. न्यूयॉर्कमध्ये टामार-काली आणि तिच्या काळ्या मैत्रिणींनी स्वतःचे वेगळे कार्यक्रम भरवले. ज्यांना आत जागाच नव्हती, त्यांच्यासाठी ‘आपण विकले गेलो का’ हा दुय्यम प्रश्न होता. ‘आपण’ म्हणजे कोण, हा त्यांचा पहिला प्रश्न.

उलट बाजूही पाहू. ‘एल सेव्हन’ या लॉस एंजेलिसच्या मुलींच्या गटाने १९९१ मध्ये गर्भपाताच्या हक्कासाठी ‘रॉक फॉर चॉईस’ हे मदत-कार्यक्रम सुरू केले. पहिल्याच कार्यक्रमात बड्या कंपनीशी करार केलेला ‘निर्वाणा’ही गायला. हे कार्यक्रम सुमारे दहा वर्षे चालले. इंग्लंडच्या ‘चम्बावाम्बा’ या अराजकवादी गटाने तर कमालच केली. ईएमआय कंपनीला शिव्या देणाऱ्या एका संग्रहात १९८९ मध्ये त्यांचे गाणे होते, आणि १९९७ मध्ये त्यांनी त्याच कंपनीशी करार केला. लोक संतापले. २००२ मध्ये जनरल मोटर्सने जाहिरातीसाठी त्यांचे गाणे विकत घेतले, तर त्यांनी ते पैसे बड्या कंपन्यांवर पाळत ठेवणाऱ्या आणि पर्यायी बातम्या देणाऱ्या गटांना देऊन टाकले. ताकाला जाऊन भांडे लपवले नाही. पैसे घेतले, कोणाकडून घेतले ते सांगितले, कुठे दिले तेही सांगितले.

आज काळ बदलला आहे. फोनवर सगळी गाणी मिळतात, आणि जाहिरातीत गाणे गेले तर कोणी फारसे रागावतही नाही. पण दार कोणाच्या हातात, हा प्रश्न संपलेला नाही. २०२४ पासून स्पॉटिफायने नियम केला की, वर्षात १,००० वेळाही न ऐकल्या गेलेल्या गाण्याला पैसे मिळणार नाहीत. म्हणजे अगदी छोट्यांनी गात राहायचे, पण कमाईच्या वाटणीत धरायचे नाही.

तेव्हा कोणालाही ‘विकली गेली’ म्हणण्याआधी मी तीन प्रश्न विचारते. तुम्हीही विचारून पाहा. एक, पैसे घेतल्यावर ‘नाही’ म्हणण्याची ताकद तिच्याकडे उरली आहे का? दोन, हा व्यवहार तिने आपल्या माणसांना उघड सांगितला आहे का? तीन, न विकले जाण्याची किंमत आपल्यातल्या कोणत्या बाईने मोजावी अशी आपली अपेक्षा आहे? तिसरा प्रश्न आपण सहसा टाळतो.

हे प्रश्न आपल्यालाही लागू आहेत. आठ मार्चच्या कार्यक्रमाला दागिन्यांच्या दुकानाचा फलक लावायचा का, अंकाला कोणाची जाहिरात घ्यायची, कोणत्या संस्थेचे अनुदान घ्यायचे, यावर वाद होतात आणि व्हावेतच. पण त्या वादात पूर्णवेळ काम करणाऱ्या कार्यकर्तीला महिन्याला किती मानधन मिळते, हा आकडाही टेबलावर असला पाहिजे. तिने उपाशीपोटी आपली शुद्धता राखावी असे आपण धरून चालत असू, तर बाजाराला नावे ठेवण्याआधी आपली वही उघडून बघू या.

आता तुम्ही बोला. मला तुमचे ऐकायचे आहे.