लेन्स कोणती घेऊ?

(रौप्यमहोत्सवी छायाचित्र प्रदर्शनाच्या वेळी केलेले भाषण)



प्रदर्शन बघताना तिघा-चौघांनी मला एकच प्रश्न विचारला, "काका, चांगली झूम लेन्स कोणती घेऊ?" त्यावरच बोलतो. पण आधी माझी एक चूक सांगतो.

काही वर्षांपूर्वी आपल्या गणपतीत तिसऱ्या मजल्यावरच्या आजी आरतीचे तबक घेऊन उभ्या होत्या. मी भराभर फोटो काढले. पुढच्या वर्षी आजी गेल्या. मुलाने फ्रेमसाठी फोटो मागितला, तेव्हा मोठ्या स्क्रीनवर पाहिले तर सगळे हललेले! शेवटी पासबुकावरचा फोटो मोठा करून भिंतीवर लावावा लागला.

झाले काय होते? कॅमेऱ्याबरोबर मिळालेली १८-५५ लेन्स झूम केली की एफ ५.६ वर येते. मंडपातल्या उजेडात शटर १/१५ सेकंद उघडे राहिले. एफ २.८ ची लेन्स चौपट प्रकाश घेते, म्हणजे तिथेच १/६० मिळाला असता.

व्यावसायिक फोटोग्राफर २४-७० एफ २.८ वापरतात ते यासाठी. झूम कुठेही न्या, २.८ कायम. पण लगेच तीच घेऊ नका. आपल्यापैकी बहुतेकांच्या कॅमेऱ्यात लहान, एपीएस-सी सेन्सर असतो. त्यावर २४ म्हणजे साधारण ३६ ते ३८ होते. आपल्या दहा बाय बाराच्या हॉलमध्ये बारशाचा ग्रुप फोटो घेताना पाठ भिंतीला टेकली तरी कडेची मावशी बाहेरच राहते! अशा कॅमेऱ्याला १७-५० किंवा १७-५५ एफ २.८ बरी. फुल फ्रेम असेल तरच २४-७०.

२४-१०५ एफ ४ दिवसा नॅशनल पार्कात, कान्हेरीला फिरायला छान, पण २.८ च्या निम्माच प्रकाश घेते. लेन्समधले स्टॅबिलायझेशन आपला हात सावरते, गरब्यात नाचणारी मुले थांबवत नाही. वजनही बघा. कॅननची २४-७० एफ २.८, दुसरी आवृत्ती, ८०५ ग्रॅमची आहे. गळ्यात अडकवून बोरिवली लोकलमध्ये चढून बघा, मग ठरवा!

दुकानात जाताना आपला कॅमेरा बरोबर न्या आणि आतल्या मंद उजेडात फोटो काढून बघा. सेकंडहँड घेत असाल तर आत टॉर्च मारा. जाळ्यासारखे काही दिसले तर ती बुरशी. आपल्या पावसाळ्यात ती हमखास धरते. लेन्स कपाटात कातडी पाकिटात नको, हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून ठेवा.

मी पुढे सेकंडहँड १७-५० घेतली. आज भिंतीवर लावलेले आरतीचे फोटो तिचेच आहेत. आजींचा मात्र त्यात नाही.

म्हणून शेवटचे एकच सांगतो. लेन्स सावकाश, विचार करून घ्या. घरातल्या म्हाताऱ्या माणसांचा फोटो मात्र आजच काढा, अगदी मोबाइलवर काढलात तरी चालेल.