डॉक्टरांना ‘हो’ म्हणून मी घरी आलो

आज पाहुणे नाहीत, मी एकटाच आहे. आणि हा भाग मी तिसऱ्यांदा रेकॉर्ड करतोय. पहिले दोन डिलीट केले.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांना वाटतं, पॉडकास्ट करणारा म्हणजे बोलका असणार. अहो, बंद खोलीत, समोर कोणी नसताना, चुकलं तर कापून टाकता येत असताना बोलणं वेगळं. ऑफिसच्या साडेदहाच्या स्टँडअपमध्ये ‘काल हे केलं, आज हे करणार’ एवढी दोन वाक्यं बोलायची असायची, तीसुद्धा मी आधी फोनमध्ये टाइप करून ठेवायचो. साडेनऊपासून पोटात गोळा. माझ्या आधीचे चार जण काय बोलले, एक अक्षर कळायचं नाही. डिलिव्हरीवाल्याचा फोन आला की तो वाजून बंद होईपर्यंत स्क्रीनकडे बघत बसायचो आणि मग खाली जाऊन त्याला पार्किंगमध्ये शोधायचो.

हे ऐकायला मजेशीर वाटतं. पण टीम लीडची जागा मला विचारली तेव्हा मी ‘मला टेक्निकलमध्येच राहायचंय’ असं सांगून नाही म्हटलं. खरं कारण एकच होतं. क्लायंटशी रोज बोलावं लागलं असतं.

त्यानंतर गावी गेलो तेव्हा आमच्या फॅमिली डॉक्टरांकडे गेलो. लहानपणापासूनचे डॉक्टर. काय बोलायचं ते एसटीत पाठ केलं होतं. केबिनचं दार अर्धं उघडं, बाहेर बाकावर आठ-दहा पेशंट, त्यातल्या दोन काकू आईच्या ओळखीच्या. तोंडातून एवढंच निघालं, ‘डॉक्टर, लोकांशी बोलताना जरा टेन्शन येतं.’

‘अरे, इंजिनिअर ना तू? पुण्यात नोकरी, पगार चांगला. तुला रे कसलं टेन्शन?’ बीपी बघितलं. ‘लहानपणापासून लाजाळूच आहेस. चार लोकांत मिसळ, मोबाईल कमी कर. आणि लग्न कर, बायको बोलायला शिकवेल.’ ते हसले. मीही हसलो. बी-ट्वेल्व्हच्या गोळ्या आणि थायरॉइडची तपासणी लिहून दिली. मी दोनदा थँक्यू म्हटलं, पैसे दिले, बाहेर आलो.

आता त्यांची बाजूही सांगतो. थायरॉइड तपासायला लावणं बरोबरच होतं. ते वाढलं तर छातीत धडधडतं, हात थरथरतात. पण रिपोर्ट नॉर्मल आला आणि विषय तिथेच संपला. रिपोर्ट नॉर्मल म्हणजे मी नॉर्मल.

मला राग यायला आठ महिने लागले. तोपर्यंत मला मनापासून वाटत होतं की डॉक्टर बरोबर आहेत, आपणच नाटकं करतोय. बघा ना, ज्या माणसाचा त्रासच मुळी ‘समोरचा आपल्याबद्दल काय विचार करेल’ हा आहे, तो डॉक्टरांना ‘नाही हो, तुम्ही नीट ऐकलं नाहीत’ असं कसं म्हणणार? पाय मोडलेला माणूस लंगडत येतो, ते दिसतं. आम्ही दवाखान्यात गेलो की नम्र, हसतमुख, प्रत्येक वाक्याला ‘हो डॉक्टर’. आमचा आजारच आम्हाला बरं असल्याचं सोंग घ्यायला लावतो. आणि ‘जरा टेन्शन’ मधला ‘जरा’ माझाच होता. टीम लीडची जागा सोडली, हे मी सांगितलंच नव्हतं.

‘अ‍ॅप नीट चालत नाही’ एवढंच लिहिलेला बग आला तर आपण काय करतो? बंद करतो. मी तसाच बग टाकून आलो होतो. म्हणून एका रात्री कागद घेतला आणि लिहिलं. कधीपासून होतंय: दहावीपासून. काय होतं: घाम, धडधड, आवाज अडकतो. काय काय टाळलं: कॉलेजचं सेमिनार, मित्राचं लग्न, दोन इंटरव्ह्यू, टीम लीड. लिहिताना यादी संपेना, तेव्हा मीच घाबरलो.

पुण्यात एका मानसोपचारतज्ज्ञ मॅडमची अपॉइंटमेंट ऑनलाइन मिळत होती, फोन करावा लागत नव्हता. खरं सांगतो, त्या एवढ्याच कारणाने त्यांची निवड केली. आत गेलो, कागद पुढे सरकवला. त्यांनी पूर्ण वाचला. मग सतरा प्रश्नांचा एक फॉर्म दिला, प्रत्येकाला शून्य ते चार गुण. नाव सांगितलं: सोशल अँग्झायटी डिसऑर्डर. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या यादीत हा आजार १९८० मध्ये ‘सोशल फोबिया’ या नावाने आला. म्हणजे माझ्या जन्माच्या कितीतरी आधी.

गोळी सुरू झाली. पहिले काही आठवडे काहीच फरक नव्हता आणि हे त्यांनी आधीच सांगितलं होतं. शिवाय सीबीटीसाठी एका मानसशास्त्रज्ञांकडे पाठवलं. (मानसोपचारतज्ज्ञ औषध देतात, मानसशास्त्रज्ञ बोलण्यातून उपचार करतात. मला हा फरक तेव्हा माहीत नव्हता.) तिथे दिलेला एक प्रयोग सांगतो. व्हिडिओ कॉलमध्ये मी स्वतःचाच चौकोन बघत बसायचो. तो लपवायचा आणि फक्त इतरांचे चेहरे बघायचे. बघितले. एक जण चहा पीत होता, एक टाइप करत होता, तिसऱ्याचा कॅमेरा छताकडे. माझ्याकडे कोणीही बघत नव्हतं. थोडा अपमानच वाटला!

ज्यांना यातलं काहीच परवडत नाही त्यांच्यासाठी टेली-मानस आहे, १४४१६. सरकारी आहे, मोफत, चोवीस तास, मराठीतही बोलतात. ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. फोन करणं हाच तर प्रॉब्लेम, माहितीये. कागद समोर ठेवा आणि सरळ वाचून दाखवा. ‘मी वाचून दाखवतोय’ असंही सांगून टाका.

मी पूर्ण बरा झालोय असं नाही. बँकेत फोन करायचा असला की अजूनही दोन दिवस ढकलतो.

दिवाळीत आईच्या बीपीसाठी त्याच गावाकडच्या डॉक्टरांकडे गेलो. मला बघून म्हणाले, ‘काय रे, कमी झालं का लाजणं?’ बाहेर बाकावर तेवढीच गर्दी. माझे कान गरम झाले. म्हटलं, ‘लाजणं नव्हतं ते डॉक्टर. आजार होता. पुण्यात औषध चालू आहे.’

ते थांबले. मग पेन उचललं आणि म्हणाले, ‘कुठली गोळी? नाव सांग, तुझ्या पेपरवर लिहून ठेवतो.’

मी सांगितलं. त्यांनी लिहिलं. मग आईच्या दंडाला पट्टा बांधला.