बाकी तीस की तीनशे?

(मिशन रविवारी उपासनेनंतर मंडळीपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



मुलांच्या अभ्यासाबद्दल काही सांगा, असं पाळकसाहेब म्हणाले. मी म्हटलं, मग भागाकाराबद्दल सांगते. ते हसले. तुम्हालाही हसू येईल, पण गेली तीन वर्षं माझ्या डोक्यात दुसरं काही नाही.

आपलं काम जिंतूर तालुक्याच्या डोंगराळ भागातल्या आंध आदिवासींच्या एका वस्तीवर चालतं, हे तुम्हाला माहीत आहे. तिथं आठवड्यातून चार संध्याकाळी मी वर्ग घेते. तिसरी ते पाचवीची २२ मुलं येतात. दिवसा ती जिल्हा परिषदेच्या शाळेत असतात. दिवाळीच्या आगेमागे टोळ्या ऊसतोडीला निघतात, त्यांच्याबरोबर निम्मी मुलंही जातात आणि परत येतात ती थेट उन्हाळ्याच्या तोंडाशी. बेरीज-वजाबाकी पावसाळ्यात होऊन जाते. भागाकाराची पाळी येते तेव्हा मूल फडावर असतं, धाकट्या भावंडाला सांभाळत.

आधी माझी चूक सांगते. मी थिऑलॉजीचा डिप्लोमा केलेली बाई, गणित शिकवायचं कुणी मला शिकवलं नव्हतं. मला जसं शिकवलं तसंच मी शिकवलं. भाजक बाहेर, भाज्य आत. पाढा म्हणा, भाग द्या, वजा करा, वरचा अंक खाली घ्या. मुलं तालात म्हणायची. मार्चमध्ये पाहुणे आले तेव्हा फळ्यावर चार गणितं धडाधड सोडवून दाखवली. त्याचा फोटोही याच अंकात छापून आला होता. जूनमध्ये मी तीच चार गणितं पुन्हा घातली. एकाचंही बरोबर आलं नाही, आणि ही मुलं तर कुठं गेलीही नव्हती, गावातच होती.

त्यातलं एक गणित होतं ६१२ भागिले ६. जवळजवळ सगळ्यांनी उत्तर लिहिलं १२. सहा एके सहा, बाकी शून्य. एक खाली घेतला, भाग जात नाही. मग दोन खाली घेतला, झाले बारा, सहा दुणे बारा. एक आणि दोन, बारा! मधलं शून्य कुणी लिहिलंच नाही.

मी चिडले, हे कबूल करते. मग पाटी बाजूला ठेवून एका मुलाला विचारलं, "तुम्ही सहा जणांनी शिताफळं विकली, ६१२ रुपये आले. तुला किती?" त्यानं वर पाहिलं आणि म्हणाला, "एकशे दोन." दोन सेकंदही लागले नसतील. मी पाटीवरचे बारा दाखवले तर म्हणतो, "ते गणितातलं हाय, ताई."

त्या रात्री मला झोप आली नाही. या पोरांना वाटणी करता येते, जन्मापासून ती वाटूनच खात आली आहेत. पाटीवरचा भागाकार म्हणजे तीच वाटणी आहे, एवढंच त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. "सहामध्ये सहा एकदा" असं मी म्हणत होते, पण तो सहा म्हणजे सहाशे होते. ते मीही विसरले होते.

त्यानंतर आम्ही खोट्या नोटा केल्या, शंभरच्या, दहाच्या आणि एकच्या. ६१२ म्हणजे शंभरच्या सहा, दहाची एक आणि एकच्या दोन. सहा मुलं गोल बसतात, सातवं मूल वाटतं. शंभरची एकेक प्रत्येकाला. मग दहाची एकच नोट, सहा जणांत जाईल कशी? कुणाला दहाची मिळाली? कुणालाच नाही. तर तसं लिहा: शून्य. ती नोट मोडून एकच्या दहा घ्या, हातातल्या दोन मिळवा, झाल्या बारा. प्रत्येकाला दोन. वाटणारा वाटतो तेव्हा दुसरं मूल पाटीवर लिहितं. हातानं जे झालं तेच पाटीवर उमटतं, त्याच क्रमानं. "खाली घेणं" म्हणजे नोट मोडून हातातल्या नोटांत मिळवणं, हे मला माझ्या चाळिशीत कळलं.

याला वेळ लागतो. पहिल्या पावसाळ्यात आठ आठवडे आम्ही एका अंकाच्या भाजकापुढं गेलो नाही. पाढे कच्चे होते, त्यांची घोकंपट्टी वेगळी चालूच होती. त्याशिवाय चालत नाही, नोटा कितीही छान असल्या तरी.

आपलीच मुलं मागे आहेत असं मात्र समजू नका. प्रथम संस्थेच्या असर पाहणीत मुलांना घरी जाऊन तीन अंकी संख्येला एका अंकानं भागायला लावतात. २०२२ च्या अहवालात ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या साधारण चौथ्या हिश्शाच्या मुलांनाच ते जमलं होतं.

पाच हजारांना जेवू घातल्याचा भाग मार्काच्या शुभवर्तमानात वाचताना मी आता एका जागी थांबते. भाकरी मोडण्याआधी लोकांना शंभर-शंभर, पन्नास-पन्नास असं गटानं बसवलं आहे. वाढण्याआधी बसवणं हेही काम होतं, आणि ते शिष्यांनी केलं. वर्गात मी हे काढत नाही. तो वर्ग गणिताचा आहे आणि आईबापांनी मुलं त्या भरवशावर पाठवली आहेत. हे फक्त तुमच्यासाठी.

आता उन्हाळ्यातली गोष्ट. पाचवीतल्या एका मुलीचे वडील तोडीवरून परतले आणि प्लास्टिकच्या पिशवीत वजनाच्या पावत्या घेऊन माझ्याकडे आले. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. या कोयत्यानं मुकादमाकडून ५०,००० रुपये उचल घेतली होती. मुकादम म्हणत होता, अजून दोन हजार फिटायचे आहेत, पुढच्या वर्षी यावंच लागेल. टनाला ३५० रुपये ठरले होते. उचल फिटायला किती टन तोडावे लागतात?

मी फळ्यावर मांडलं. दोन्हीकडचं एक-एक शून्य कापलं. ५,००० भागिले ३५. भाग आला १४२, बाकी ३०. मी म्हटलं, "दादा, १४२ टनांत उचल फिटली, वर तीस रुपये राहतात फक्त."

मुलगी दाराशी उभी होती. म्हणाली, "तीस नाही, ताई. दहाच्या तीस नोटा उरल्या. तीनशे."

बरोबर होतं तिचं. शून्य कापलं म्हणजे आपण दहा-दहाच्या नोटांत वाटत होतो, तेव्हा बाकीही दहाच्या नोटांतच राहते. तीनशे म्हणजे जवळजवळ आणखी एक टन. उचल फिटते १४३ व्या टनाला. मी फळा पुसून पुन्हा लिहिलं. वडील मुलीकडे बघत राहिले, बोलले काहीच नाहीत.

पावत्यांची बेरीज १६८ टन भरली. म्हणजे ५८,८०० रुपयांचं काम. उचल वजा जाता ८,८०० त्यांचेच निघत होते. अर्थात मध्ये घेतलेली खर्ची होती, आजारपणाचे खाडे होते. ते कापूनही बाकी निघत नव्हती. वडील कागद घेऊन गेले, बरोबर वस्तीवरचे दोघे गेले. मुकादमानं दोन हजारांची बाकी खोडली. वरचे पैसे मात्र आजतागायत मिळालेले नाहीत. सगळं सुटलं असं मी तुम्हाला सांगणार नाही.

पण यंदा ते उचल घेण्याआधी मुलीला घेऊन माझ्याकडे आले. किती घेतली तर किती टन आणि किती दिवस, हे त्यांना आधी बघायचं होतं. दिवसाला दोन टन धरले तर १४३ टनांना ७२ दिवस लागतात. त्यांनी या वेळी ३५,००० च घेतले, म्हणजे बरोबर १०० टन. मुलीला बरोबर नेणार नाहीत, आजीजवळ ठेवणार आहेत. तिचं जेवण शाळेच्या हंगामी वसतिगृहात होईल, अशी आशा आहे. ते दरवर्षी वेळेवर सुरू होतंच असं नाही.

तेव्हा मागणं दोन गोष्टींचं आहे. दिवाळीपासून मार्चपर्यंत मागे राहणाऱ्या मुलांची संध्याकाळची भाकरी आम्हाला धरून ठेवावी लागेल, वसतिगृह उशिरा सुरू झालं तर. धान्य, डाळ, तेल, जे जमेल ते. आणि दुसरं, तुमच्या घरात जुन्या लग्नपत्रिका पडल्या असतील. जाड कागदाच्या, मागची बाजू कोरी असलेल्या हव्यात. आमच्या शंभरच्या नोटा फाटल्या आहेत. उपासना सुटल्यावर दाराशी खोका ठेवला आहे, त्यात टाका.